बिस्किटांचे मराठी

गेल्या पौषातील एका घरगुती साहित्यबैठकीत दांडिया बाजारात राहणाऱ्या एका तरुण मुलीने दोन पानांचे टिपण वाचले. मथळा होता ‘कॉफी, ओट आणि चॉकलेटची बिस्किटे’. सोबत तिने डबा भरून बिस्किटेही आणली होती. बिस्किटे दहा मिनिटांत संपली. टिपणावरची चर्चा मात्र पाऊण तास चालली, आणि ती चालली ते टिपण छापू नये याची कारणे शोधण्यासाठी.

कारणे तीन निघाली. पहिले, पाककृती हे वाङ्मय नव्हे. दुसरे, हा पदार्थ आपला नव्हे. तिसरे कारण सर्वांत मायेने सांगितले गेले: “बाई गं, हे तू इंग्रजीतच लिही. मराठीत ते ओढूनताणून आणल्यासारखे वाटते.” मुलीने कागदाची घडी घातली, रिकामा डबा उचलला आणि ती निघून गेली. आम्ही तेथे हजर होतो आणि गप्प होतो. त्या गप्प बसण्याची टोचणी अद्याप गेलेली नाही, म्हणून हा लेख.

पहिल्या आक्षेपावर फार शाई खर्चण्याचे कारण नाही. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने ‘भोजनकुतूहल’ लिहिले, तेव्हा त्याला आपण शास्त्राच्या पायरीवरून घसरलो असे वाटले नव्हते. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ हजार पाकक्रिया घेऊन आले, आणि मराठी घरांतून ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. दुर्गाबाई भागवतांनी ‘खमंग’ लिहिले. त्या १९७५ साली कऱ्हाडच्या संमेलनाच्या अध्यक्षा होत्या, हे आक्षेपकांनी आठवावे. पाककृती लिहिणे ही गद्याची कठीण कसोटी आहे. कादंबरीतले एखादे वाक्य सैल पडले तर वाचक जांभई देतो. पाककृतीतले वाक्य सैल पडले तर पदार्थ जळतो. ज्या गद्याची परीक्षा त्याच संध्याकाळी भट्टीत होते, ते गद्य आमच्या बैठकीत वाचण्याच्या योग्यतेचे नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपले ललितलेख एकदा त्या आचेवर धरून पाहावेत.

दुसरा आक्षेप बडोद्यात घेतला जावा याचे मात्र आम्हांस खरोखर नवल वाटते. हे शहर कोणत्या पदार्थाचा जन्मदाखला कधी मागत आले आहे? येथल्या रस्त्यावरची सेव-उसळ पाहावी. उसळ आमची, सेव त्यांची, आणि खाणारा दोघांपैकी कोणीही. भाकरवडीवर पुणेकर आणि बडोदेकर दोघेही हक्क सांगतात. भांडण चालू असतानाच वडी संपते. उपवासाच्या ताटाविषयी तर बोलूच नये. बटाटा, शेंगदाणा, मिरची ही सारी अमेरिकेतून आलेली मंडळी. साबुदाणा ज्यापासून निघतो तो कंदही तिकडचाच. त्या ताटापुढे हात जोडणाऱ्यांनी ओटच्या बिस्किटाला परके म्हणावे, हा सोवळ्याचा अजब प्रकार होय.

शिवाय बिस्किट येथे काही आज आलेले नाही. आमच्यापासून दक्षिणेला, आगगाडीने दोन-अडीच तासांवर, सुरत आहे. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी तेथे वखार घातली. त्यांच्या भट्ट्या पुढे पारशी कारागिरांच्या हाती आल्या आणि त्यांतून नानखटाई घडली, अशी परंपरा सांगितली जाते. इंग्रजीतला ‘कुकी’ हा शब्दही मूळ डच भाषेतला, छोटा केक या अर्थाचा. तेव्हा सुरतेची नानखटाई आणि अमेरिकेतली कुकी या एकाच घराण्यातल्या दोन बहिणी ठराव्यात. एक ताप्तीकाठी नांदली, एक समुद्रापलीकडे. (खरे ‘बिस्किट’ म्हणजे दोनदा भाजलेले, त्या अर्थाने आमचा चहात बुडवायचा टोस्ट हाच काय तो अस्सल बिस्किट. पण शब्द अर्थ बदलतात आणि त्याबद्दल कोणी रडत बसत नाही.) ओट घालून केलेली बिस्किटे अमेरिकेत फॅनी फार्मर यांच्या १८९६ सालच्या पाकपुस्तकात सापडतात, आणि चॉकलेटचे तुकडे पिठात घालण्याची युक्ती मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या रूथ वेकफिल्ड यांनी १९३० नंतरच्या दशकात लोकप्रिय केली. म्हणजे हा पदार्थ त्यांच्याकडेही फार पुराणा नाही. आणि चॉकलेटच म्हणाल तर ते येथून तासाभराच्या अंतरावर, आणंदजवळच्या मोगर येथे, सहकारी दूधसंघाच्या कारखान्यात तयार होते. परके कोणते आणि घरचे कोणते हे ठरवण्याआधी नकाशा पाहावा.

आमच्या पिढीला आणखी एक गोष्ट आठवेल. दिवाळीच्या आधी पीठ, तूप आणि साखर डब्यांत भरून बेकरीत न्यायची, नंबर लावायचा, आणि भट्टीवाल्याच्या काळ्याभोर पत्र्यांवर आपलीच नानखटाई भाजून आणायची. आपला पत्रा ओळखू यावा म्हणून बोटाने खूण करणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. ज्यांना तेवढीही सोय नव्हती त्या जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवून, झाकणावर निखारे ठेवून केक करीत. पुढे झाकणात काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन घरोघर आला आणि भट्टीपुढची रांग हळूहळू सरली. या साऱ्या कामाविषयी बायका एकमेकींशी कोणत्या भाषेत बोलत होत्या? त्यांना शब्द अडले होते काय?

येथे आम्ही तिसऱ्या आक्षेपाशी येतो. खरे भांडण तेथेच आहे.

मराठीत बिस्किटे सांगता येत नाहीत, असे म्हणणाऱ्याने आजकाल मराठी म्हणून जे ऐकू येते ते ऐकलेले असते, एवढे आम्ही मान्य करतो. ‘ओव्हन प्रीहीट करून घ्यायचा, बटर आणि शुगर क्रीम करून घ्यायची, ड्राय इन्ग्रेडियंट्स फोल्ड करायचे, मग ट्रे ग्रीस करून बेक करायचं.’ या वाक्यात मराठी फक्त ‘करायचं’ आहे. सारा डोलारा एका ‘करणे’च्या खांद्यावर टाकला आहे, आणि तो बिचारा वाकून गेला आहे. हे ऐकून कोणी म्हणावे की मराठी या कामाला अपुरी आहे, तर ते म्हणजे तिजोरी न उघडताच दिवाळे जाहीर करण्यासारखे झाले.

तिजोरी उघडून पाहू. लोणी आणि साखर हलकी, पांढरी होईपर्यंत एकजीव करण्याच्या क्रियेला आमच्याकडे ‘फेसणे’ आहे. परातीत तळहाताने तूप फेसणारी आजी ज्याने पाहिली त्याला दुसरा शब्द लागत नाही. पिठात स्निग्ध पदार्थ घालून त्याचा चिवटपणा मोडायचा, त्याला इंग्रजी पाकशास्त्र जे लांबलचक नाव देते ते आमच्याकडे तीन अक्षरांत आहे: ‘मोहन’. पिठाच्या कणाकणाला तूप चोळले की पाण्याशी त्याची गाठ पडत नाही, पीठ ताणले जात नाही, आणि पदार्थ तोंडात विरघळतो. हे सारे शास्त्र करंजीला मोहन घालणाऱ्या बाईला ठाऊक होते आणि तिच्यापाशी त्याचे नावही होते. पत्र्याला चिकटू नये म्हणून ‘तुपाचा हात फिरवणे’ आहे. कोरडे जिन्नस वरून हलकेच सोडायचे तर ‘भुरभुरवणे’ आहे, ते फार न चेंगरता एकत्र आणायचे तर ‘हलक्या हाताने कालवणे’ आहे, आणि जोर लावायचा असेल तर ‘मळणे’ आहे, त्याहून जोर लावायचा असेल तर ‘तिंबणे’ आहे. थंड होणे हे आमच्याकडे दोन प्रकारचे: गारठणे निराळे, आचेवरून उतरून आपोआप ‘निवणे’ निराळे. ही फोड सर्व भाषांत असते असे नाही.

आणि पोत! ‘कुरकुरीत’, ‘खुसखुशीत’, ‘खुटखुटीत’, ‘भुसभुशीत’, ‘ठिसूळ’, ‘रवाळ’. चकली कुरकुरीत असते, शंकरपाळा खुसखुशीत असतो, आणि एकाच्या जागी दुसरा शब्द घातला तर सासू सुनेची नव्हे, सून सासूची चूक काढील. ज्या भाषेने दातांना जाणवणाऱ्या फरकांची इतकी बारीक वर्गवारी केली, तिला बिस्किट सांगता येत नाही, हे कोणी म्हटले तर त्याने एकतर बिस्किट नीट खाल्ले नाही किंवा मराठी नीट ऐकली नाही.

आता ती पाककृतीच पाहा. मुलीचे टिपण आमच्यापाशी नाही. पण डब्यातली बिस्किटे आम्ही चार खाल्ली होती, आणि नंतर घरी दोनदा करून पाहिली. पहिला घाणा फसला, त्याचे कारण पुढे सांगतो.

एक सपाट वाटी कणीक घ्यावी. (शीग लावलेली वाटी आणि सपाट वाटी यांत पिठाचा बराच फरक पडतो, दाबून भरलेली असेल तर विचारूच नये.) दीड वाटी ओट घ्यावेत. ओट म्हणजे वाफवून रुळाखाली चपटे केलेले धान्य, अर्थात त्या धान्याचे पोहेच. त्यांतले अर्धी वाटी भरड करून घ्यावेत, बाकीचे तसेच ठेवावेत. त्यांत पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ मिसळावे. १०० ग्रॅम लोणी, अर्धी वाटी साखर आणि पाव वाटी किसलेला गूळ हे हलके होईपर्यंत फेसावे. दोन चहाचे चमचे विरघळणारी कॉफी दोन मोठे चमचे कढत दुधात विरघळवून, ती पुरती निवल्यावर फेसलेल्या लोण्यात घालावी. येथेच आमचा पहिला घाणा फसला: कॉफी गरम असतानाच ओतली, लोणी वितळले, आणि पत्र्यावर बिस्किटांऐवजी एकच अखंड खंड पसरला. दुसरी चूक लोक करतात ती गाळलेल्या कॉफीचा अर्क घालण्याची. त्यातून चव येण्याआधी पाणीच फार येते. मग कोरडे जिन्नस हलक्या हाताने कालवावेत आणि शेवटी ७५ ग्रॅम काळ्या चॉकलेटचे शेंगदाण्याएवढे तुकडे घालावेत.

यापुढची पायरी घाईची माणसे गाळतात. गोळा झाकून अर्धा तास मुरू द्यावा. ओट कोरडे असतात, त्यांना ओल पिण्यास वेळ लागतो. न मुरलेल्या पिठाची बिस्किटे चरचरीत, भुसा खाल्ल्यासारखी लागतात. बडोद्याच्या वैशाखात पारा ४२ अंशांना टेकला की हे मुरवणे फ्रिजमध्येच करावे, नाहीतर लोणी गोळ्यातून निथळू लागते. भट्टी १७० अंशांवर तापवून घ्यावी. पत्र्याला तुपाचा हात फिरवून लिंबाएवढे गोळे अंतर राखून ठेवावेत, बोटांनी किंचित दाबावेत, आणि १२ ते १४ मिनिटे भाजावेत. कडा तांबूस झाल्या आणि मध्य अजून कच्चा वाटला की पत्रा बाहेर काढावा. हा क्षण धीराचा आहे. मध्य शिजला नाही असे वाटून आणखी पाच मिनिटे ठेवणारे शेवटी खुटखुटीत विटा खातात. पत्र्याची धग उतरेपर्यंत मध्य आपोआप धरतो. मग जाळीवर काढून निवू द्यावे. वीस-बावीस होतात. अंडे नाही, म्हणून शेजारच्या जैन काकूंकडे ओट्यावरून सरळ देता येतात, आणि बडोद्यात शेजाऱ्याला देता न येणारा पदार्थ करण्यात अर्थ नसतो.

कॉफीचे या बिस्किटातले काम काय, हेही सांगितले पाहिजे. ती स्वतः पुढे येत नाही. दोन्ही बिया भाजूनच खाण्याजोग्या होणाऱ्या, आणि भाजलेपणाची जी कडवट खमंग चव कॉफीत आहे तीच कोकोतही आहे. एकीने दुसरीला उचलून धरले की चॉकलेट अधिक चॉकलेट लागते. साथीदार चांगला असला की गवयाचा आवाज मोठा वाटतो, तसे.

वरच्या तीन परिच्छेदांत कोणता शब्द वाचकाला अडला? ओट, कॉफी, चॉकलेट, फ्रिज, ग्रॅम, सोडा हे आम्ही जसे आले तसे घेतले. ‘यवपृथुक’ किंवा ‘शीतकपाट’ असले काही घडवले नाही, आणि घडवणारही नाही. याबाबतीत आमचे भांडण दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही आहे. वस्तू आली की तिचे नाव तिच्यासोबत येते. पाव आला, बटाटा आला, काजू आला, चहा आला. मराठीने त्यांची विभक्तिप्रत्ययांची मुंज केली आणि पंगतीत बसवले. उसन्या नामांनी भाषा मरत नाही. क्रिया मात्र वस्तूबरोबर येत नाही. ती करणाऱ्याच्या हातात आधीच असते. फेसणे, कालवणे, भाजणे हे काम आमच्या आज्या करीतच होत्या, साखरेजागी गूळ असेल, भट्टीजागी चूल असेल. जे काम आपण स्वतः करतो त्याचे क्रियापदही परक्याकडून आणावे लागले, तर त्या कामातला आपला हातच आपण विसरलो, असा त्याचा अर्थ होतो. नामे खुशाल उसनी आणावीत. क्रियापदांसाठी कोणापुढे वाटी धरू नये.

आणि हे बडोद्यातल्या मराठी माणसाला सांगावे लागते, ही खरी खेदाची बाब. याच संस्थानात १८९० साली कलाभवन निघाले आणि त्रिभुवनदास गज्जर यांनी रंगकामासारखी यंत्रयुगाची विद्या देशी भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला. याच संस्थानाने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ छापून राज्यकारभाराचे शब्द इंग्रजी धरून आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले. साहित्य संमेलन येथे १९०९, १९२१ आणि १९३४ साली भरले, आणि पुन्हा २०१८ साली. कचेरीसाठी शब्द शोधले गेले, कारखान्यासाठी शोधले गेले. स्वयंपाकघरासाठी शोधावे लागलेच नाहीत, कारण ते तेथे होतेच. आणि जे आयते होते तेच आम्ही सांडू दिले. १९४९ साली विद्यापीठ झाले, हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या, पाठोपाठ गृहविज्ञानाची शाखा आली. तिने या शहरातल्या मुलींना आहारशास्त्र शिकवले, त्याचे ऋण आम्ही मानतो. पण ती विद्या इंग्रजीतून आली, आणि घरी आईला सांगताना तिचे मराठी करण्याचे काम कोणाचेच नव्हते. ते काम मंडळांचे होते. मंडळे तेव्हा कोजागिरीच्या दुधात गुंतली होती. आम्हीही होतो.

यात पणाला काय लागले आहे, हे एका वहीवरून कळेल. आमच्या एका स्नेह्यांच्या घरी, वाडी भागात, त्यांच्या आजीची पाककृतींची वही आहे. पहिल्या पानांवर शेर आणि तोळे आहेत. पुढे आईचे अक्षर येते आणि वाट्या व चमचे सुरू होतात. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि तिने वाटी-चमच्याचे प्रमाण घराघरांत रुळवले, त्या सुमारास हे घडले असावे. मग पाऊण वही कोरी आहे. नातसून उत्तम स्वयंपाक करते, मराठी बोलते, पण तिने लिहून ठेवलेले सारे फोनमध्ये आहे, रोमन लिपीत, अर्धे इंग्रजी आणि अर्धे गुजराती. आमच्या घरांतली चौथी पिढी मराठीत रागावते, मराठीत लाड करते आणि मराठीत लिहीत नाही. कविता ती लिहिणार नाही, कादंबरी तर नाहीच. लिहिलेच तर ती पाककृती लिहील. दांडिया बाजारातल्या त्या मुलीने तेवढेच केले होते, आणि आम्ही शहाण्यांनी तिला इंग्रजीत लिहायला सांगितले.

बैठकीनंतर तीन आठवड्यांनी आम्ही तिच्या घरी गेलो आणि ते टिपण छापायला मागितले. तिने लगेच दिले नाही. आधी पुन्हा वाचले, दोन ठिकाणी ‘मिक्स करा’ खोडून ‘कालवा’ केले, आणि एका शब्दापाशी थांबून आम्हांलाच कोड्यात टाकले. कडा कुरकुरीत, पण मध्य दाताला किंचित प्रतिकार करणारा, चावावा लागणारा आणि तरीही हवासा. या बिस्किटाची सारी खुमारी त्यात आहे. त्याला मराठीत काय म्हणायचे? ‘चिवट’ म्हटले तर दोष वाटतो. ‘चामट’ तर शिवीच झाली. ‘लुसलुशीत’ फार मऊ. आम्ही ‘मऊसर’ सुचवले. तिने ते नाकारले, आणि योग्यच केले. तिची जागा अद्याप रिकामी आहे. शब्द मिळाला की टिपण छापखान्यात जाईल.